पद्मिनीला पॉवर स्टीयरिंग बसवावं का? आधी काटा लावा, मग ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टीयरिंगच्या कॉलमवर (व्हीलपासून खाली जाणाऱ्या नळीवर), डायनॅमो (वीज बनवणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) मूळचाच. चालवणारे वडील ६८ वर्षांचे, उजवा खांदा आखडलेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना त्यांना फार जोर लावावा लागतो. मेस्त्री म्हणतो, जुन्या अल्टोचं इलेक्ट्रिक स्टीयरिंग चढवून देतो, दोन दिवसांचं काम आहे. करावं का?

माझं उत्तर: आज नाही. कदाचित महिन्याभराने हो. मधल्या काळात काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे.

पद्मिनी ९०० किलोच्या आतबाहेरची गाडी. याच गाडीची काळी-पिवळी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दिवसाचे बारा-बारा तास पॉवर स्टीयरिंगशिवाय चालवली, त्यातले कित्येक साठीच्या पुढचे. मूळ गाडीचं स्टीयरिंग हलकं नव्हतं, पण खांदा धरेल इतकं जडही नव्हतं. आज ते तसं झालं असेल तर गेल्या चाळीस वर्षांत कुठेतरी काहीतरी सुकलंय, झिजलंय किंवा कोणीतरी चुकीचं बसवलंय. त्यावर मोटर चढवली की दोष झाकला जातो आणि वाढत राहतो. हाताला जे जड लागतं तेच मोटर निमूटपणे ढकलते, आणि झिजलेला भाग तुटेपर्यंत चालवणाऱ्याला काही कळत नाही. स्टीयरिंगच्या बाबतीत ही जोखीम घेऊ नये.

म्हणून पहिलं काम मोजायचं. रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा स्प्रिंग काटा घ्या, २५ किलोपर्यंतचा. पुढच्या टायरची हवा थंड असताना तपासा. १५५ रुंदीच्या रेडियलला २८ ते ३० पीएसआय ठेवा. गाडी सपाट, कोरड्या काँक्रीटवर उभी करा, चाकं सरळ, इंजिन बंद. स्टीयरिंग व्हीलच्या कडेला, आरा जिथे कडेला मिळतो तिथे, सुती दोरी बांधून काटा अडकवा आणि कडेच्या रेषेत, म्हणजे आऱ्याशी काटकोनात ओढा. व्हील हलायला लागताना काटा किती दाखवतो आणि हलत असताना किती, हे दोन्ही लिहून ठेवा. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको) आणि तेच पुन्हा करा.

धडधाकट पद्मिनीत चाकं अधांतरी असताना एक-दीड किलोच्या आत काम व्हायला हवं. जमिनीवर उभ्या गाडीत १० ते १२ किलो हे ठीक समजा. १५ च्या वर गेलात तर गाडीत दोष आहे, तो वडिलांच्या वयाचा नाही. त्याच वेळी व्हीलचा व्यास मोजा. मूळचं मोठं, साधारण ४० सेंमीचं व्हील काढून कोणी ३३ सेंमीचं 'स्पोर्ट्स' व्हील लावलं असेल, तर तेवढ्यानेच जोर सुमारे २० टक्के वाढतो. ४० भागिले ३३, एवढंच गणित. टायरचंही तसंच. मूळ ५.२०–१४ च्या जागी दिसायला बरे म्हणून १७५ किंवा त्याहून रुंद टायर असतील तर उभ्या गाडीत ते जमिनीवर घासत फिरतात आणि सगळा भार हातावर येतो. व्हील आणि टायर मूळ मापाचे आणले की कित्येक गाड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो, तेही गाडीला एक भोक न पाडता.

आता दोष कुठे आहे ते शोधायचं. चाकं अधांतरी असतानाही स्टीयरिंग जड असेल तर ड्रॉप आर्मपासून (स्टीयरिंग बॉक्समधून बाहेर येणारा, चाकांकडे जोर पोचवणारा हात) लिंक सोडवा आणि नुसता बॉक्स, म्हणजे व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी, फिरवून पाहा. बॉक्स हलका असेल तर दोष लिंकेज (बॉक्स आणि चाकांमधले दांडे), आयडलरचा (त्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या हाताचा) बुश किंवा किंगपिनमध्ये (चाक ज्या उभ्या पिनभोवती वळतं ती) आहे. बॉक्सच जड असेल तर त्याला हात लावण्याआधी डॅशबोर्डखालचा कॉलमचा क्लॅम्प ढिला करा. क्लॅम्प ढिला करताच व्हील हलकं झालं, तर कॉलम तिरका आवळलेला होता आणि शाफ्ट बुशमध्ये दाबला जात होता. क्लॅम्पखाली योग्य जाडीची पट्टी घालून तो सरळ बसवा, झालं. हा दोष फार गाड्यांत सापडतो, कारण डॅशबोर्ड एकदा उघडून पुन्हा लावताना कोणी याकडे बघतच नाही.

बॉक्समध्ये दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्ले (चाकं न हलता व्हील जेवढं सैल फिरतं ते) काढण्यासाठी ॲडजस्टिंग स्क्रू आवळत राहणं. वर्म (व्हीलच्या शाफ्टवरचा पेचदार गिअर, जो सेक्टर नावाच्या दातेरी तुकड्याला फिरवतो) मधल्या भागात जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले शून्य केला की दोन्ही टोकांना, जिथे झीज नाही तिथे, बॉक्स अडकायला लागतो. पार्किंगमध्ये आपण टोकापर्यंतच वळवतो, म्हणून जड नेमकं तिथेच लागतं. व्हीलच्या कडेला दोन-तीन सेंमी प्ले राहू द्यावा. तेवढाही नको असेल तर वर्म आणि सेक्टरची जोडी बदलावी, स्क्रू नाही. दुसरी चूक म्हणजे सील गळतं म्हणून ९० नंबरच्या गिअर ऑइलऐवजी बॉक्समध्ये ग्रीस कोंबणं. दात एकदा फिरले की ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही; दात कोरडे राहतात. सील बदला आणि तेलच भरा.

चाकं अधांतरी असताना हलकं, पण जमिनीवर टेकली की जड, हे लक्षण मेस्त्री हमखास चुकीचं वाचतात आणि 'टायरमुळे आहे' म्हणून सोडून देतात. टायर आणि हवा ठीक असेल तर किंगपिनच्या थ्रस्ट बेअरिंगकडे बघा. गाडीचं वजन त्यावर येतं. चाक उचललं की तो भार जातो आणि सुकलेलं बेअरिंगही सुरळीत फिरतं. म्हणूनच किंगपिनला ग्रीस मारायचं ते चाक उचलून, वजन टेकलेलं असताना नाही. दाबलेल्या फटीत ग्रीस शिरत नाही. निप्पल कापडाने पुसा, ग्रीसगन लावा आणि एका हाताने चाक डावी-उजवीकडे फिरवत हळू दाबा. आधी काळं, लालसर गंज मिसळलेलं ग्रीस बाहेर येईल, मग भुरकट, मग डब्यातल्या रंगाचं. तो रंग वर आणि खाली दोन्हीकडून दिसेपर्यंत थांबू नका. एका बाजूने काहीच येत नसेल तर वाट बुजलेली आहे. निप्पल काढा, पातळ तारेने भोक मोकळं करा, रॉकेल घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मारा. तरीही येत नसेल किंवा चाक वर-खाली हलवल्यावर खटखट जाणवत असेल, तर किंगपिन, बुश आणि थ्रस्ट बेअरिंगचा संच बदला. नवे बुश ठोकून तसेच ठेवू नका, त्यांना रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारावाच लागतो. रीमर न मारलेल्या बुशमध्ये पिन ठोकून बसवली की नवी किट टाकूनही स्टीयरिंग आधीपेक्षा जड होतं.

हे सगळं झालं, टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) मॅन्युअलप्रमाणे लावलं, की पुन्हा काटा लावा. १८ वरून ११ वर आलेली गाडी वडिलांना आठवडाभर चालवू द्या. सोबत एक सवय: उभ्या गाडीत व्हील फिरवायचं नाही. क्लच सोडत गाडी वावभर जरी सरकत ठेवली तरी जोर निम्म्याच्या आसपास येतो.

तरीही खांदा दुखत असेल, तर पॉवर स्टीयरिंग हा रास्त निर्णय आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. गाडी मूळ रूपात गॅरेजमध्ये उभी राहण्यापेक्षा वडिलांनी ती चालवावी हे शंभरदा बरं. फक्त ते काम दोन दिवसांचं नाही, आणि पद्मिनीत ते कुठे अडतं हे आधी माहीत हवं.

हायड्रॉलिकचा विचार इथे सोडून द्या. पंपासाठी क्रँक पुलीला दुसरी खाच हवी, इंजिनवर ब्रॅकेट हवं, वर्म बॉक्सच्या जागी दुसरा बॉक्स हवा आणि त्याची माउंटिंग चेसिसच्या बाजूला नव्याने करावी लागते. जुन्या जीपमध्ये जागा असते, चेसिस वेगळी असते, तिथे हे जमतं. पद्मिनीत नाही. राहतं ते कॉलमवरचं इलेक्ट्रिक, म्हणजे अल्टो किंवा वॅगन आरसारख्या गाडीचं युनिट.

पहिली अडचण गिअरची. तुमच्या गाडीत गिअरचा दांडा कॉलमला धरूनच खाली जातो. मोटर आणि तिचा गिअर मिळून नारळाएवढा फुगवटा होतो, आणि तो नेमका त्याच वाटेत येतो. शिफ्ट रॉडचे ब्रॅकेट बाजूला सरकवावे लागतात. ते दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी गिअर अडकतात किंवा दुसऱ्यातून सुटतात. फ्लोअर शिफ्ट करून घ्या असा सल्ला कोणी देईल, पण ते स्वतंत्र मोठं काम आहे. मेस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारा: शिफ्ट रॉड कुठून नेणार? तो कागदावर रेघ ओढून दाखवू शकला नाही तर काम देऊ नका.

दुसरी अडचण परत येण्याची. वळणानंतर व्हील सैल सोडलं की ते आपोआप सरळ होतं, ते कॅस्टरमुळे, म्हणजे किंगपिनच्या मागे झुकलेल्या कोनामुळे. चाकं व्हीलला उलटं फिरवतात. वर्म-सेक्टर बॉक्स उलट दिशेने मुळातच अनिच्छेने फिरतो. त्यावर इलेक्ट्रिक युनिटमधल्या वर्म गिअरचं आणि मोटरचं घर्षण वाढलं की व्हील वळलेलंच राहतं आणि प्रत्येक वळणानंतर हाताने परत आणावं लागतं. मूळ गाडीत व्हील बरंचसं आपोआप येतं, उरलेलं हाताने आणायची सवय असते. इथे सगळंच हाताने आणावं लागतं. शहरात हे चालवून घेता येतं, घाटात थकवतं. किंगपिन नवे, बॉक्स मोकळा आणि कॅस्टर मॅन्युअलच्या वरच्या मर्यादेला असेल तरच हे सुसह्य होतं. म्हणजे वरची दुरुस्ती इथेही टळत नाही.

तिसरी अडचण विजेची, आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षली जाते. असं युनिट शांतपणे चालताना दोन-चार अँपिअर घेतं, पण उभ्या गाडीत टोकापर्यंत वळवताना ३० ते ४५ अँपिअर ओढतं. मूळ डायनॅमो वीस-बावीस अँपिअरचा, तोही इंजिन पळत असताना; आयडलला (इंजिन नुसतं चालू, ॲक्सिलरेटर न दाबता) त्याच्यातून जवळपास काहीच येत नाही. पार्किंग आपण आयडललाच करतो. हेडलाइट, वायपर आणि इग्निशन धरले तर मोटरचा सगळा भार बॅटरीवर पडतो, आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळी दहा मिनिटं गाडी मागे-पुढे केली की बॅटरी बसते. तेव्हा ५५ ते ६५ अँपिअरचा अल्टरनेटर, ४५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी, बॅटरीपासून युनिटपर्यंत स्वतंत्र १० चौरस मिमी तांब्याची केबल, बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज आणि तितकीच जाड अर्थ केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. डॅशबोर्डच्या पत्र्याला अर्थ देऊ नका. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कटआउट-रेग्युलेटर वायरिंगमधून पूर्ण काढावा लागतो. तुमची गाडी निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे, याची खात्री करा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलटं असतं, आणि तिथे युनिट जोडलं की कंट्रोलर त्याच क्षणी जातो.

युनिट विकत घेताना तुकड्यांत घेऊ नका. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी केलीत तर कॉलम, मोटर, कंट्रोलर, खालचा शाफ्ट आणि सगळे कनेक्टर एकाच गाडीतून उतरवलेले मागा, कनेक्टरला वीतभर वायर ठेवून. मोटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या गाड्यांचे असतील तर टॉर्क सेन्सरची (हाताचा जोर ओळखणाऱ्या सेन्सरची) मध्यरेषा जुळत नाही. काही कंट्रोलरना इंजिन चालू असल्याची आणि वेगाची खूण लागते. ती मिळाली नाही तर युनिट झोपून राहतं किंवा सगळ्या वेगांना एकच ठरलेली मदत देतं. पार्किंगला पुरेल एवढी मदत ८० च्या वेगाला मिळाली की गाडी हायवेवर भिरभिरते. स्पीडोमीटर केबलवर सेन्सर बसवून खरी खूण देणं हा चांगला मार्ग. डॅशबोर्डवर फिरवायचं बटण देऊन मदत कमी-जास्त करणं हा दुय्यम मार्ग. बटण चुकून पूर्ण फिरलं की तीच गत.

यांत्रिक जोडणीत एकही तडजोड मान्य करू नका. बॉक्समधून वर येणारा शाफ्ट अखंड असेल तर तो कापावा लागतो. मूळ शाफ्ट कापू नका. दुसरा जुना बॉक्स मिळवा, तो कापा आणि मूळचा तेल लावून ठेवून द्या. जोड लेथवर केलेल्या स्प्लाइनच्या (आत खाचा असलेल्या) बाहीने करा. वेल्डिंग करावंच लागलं तर बाहीवर, टिग वेल्डिंगने, शाफ्टमधून आरपार पिन घालून. रस्त्यावरच्या आर्क वेल्डिंगने शाफ्टला शाफ्ट चिकटवणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. वेल्डिंग करताना इलेक्ट्रिक युनिट गाडीत नसावं, आणि कॉलमला हातोडा तर मुळीच लावू नये. आतला टॉर्क सेन्सर नाजूक असतो. युनिव्हर्सल जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा. दोन जॉइंट असतील तर त्यांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर व्हील एका फेऱ्यात दोनदा जड-हलकं होतं. मोटर व्हीलला फिरवते तशीच ती स्वतःच्या बैठकीलाही उलट ढकलते, म्हणून ब्रॅकेट किमान ३ मिमी पत्र्याचं, फायरवॉलला टेकू दिलेलं आणि ८ मिमीच्या हाय-टेन्साइल बोल्टांनी बांधलेलं असावं. ज्या गाडीतून युनिट काढलं तिच्या कॉलमवर चावीचं लॉक असतं. तुमची चावी डॅशबोर्डवर राहणार असेल तर लॉकची पिन काढूनच टाका. चालत्या गाडीत ती आत शिरली तर काय होईल हे सांगायला नको.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी पुढची चाकं स्टँडवर ठेवून इंजिन चालू करा आणि व्हीलपासून हात दूर ठेवा. व्हील आपोआप फिरायला लागलं तर सेन्सर मध्यात नाही. गाडी बाहेर काढू नका. मग जमिनीवर, हेडलाइट लावून, आयडलला पाच वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बॅटरीवर मीटर १२ व्होल्टच्या खाली जाऊ नये. नंतर मोकळ्या मैदानात ताशी १५ किमीला वळण घेऊन हात सैल सोडा आणि व्हील कितपत परत येतं पाहा. शेवटी गाडी उभी करून फ्यूज काढा आणि त्याच मैदानात वडिलांनाच गाडी हळू चालवायला द्या. मोटर मेल्यावर व्हील आधीपेक्षा थोडं जड लागतं. ते त्यांना झेपतंय की नाही हे मैदानातच कळायला हवं. ५०० किमीनंतर प्रत्येक बोल्ट आणि जोड पुन्हा तपासा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांवर बंधन आहे, त्यामुळे काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडीला पन्नास वर्षं झाल्यावर २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी घ्यायचा विचार असेल, तर तिथे गाडी मूळ रूपात असावी अशी अपेक्षा आहे. शिवाय तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मूळ बॉक्स आणि कॉलम जपून ठेवायचं हे दुसरं कारण.

हाच प्रश्न अँबेसेडरबद्दल असता तर मी लवकर 'हो' म्हटलं असतं. ती गाडी जास्त वजनाची, टायर १५ इंची, आणि तिला वर्म बॉक्सऐवजी रॅक (दातेरी पट्टीचं स्टीयरिंग) आहे, जो उलट दिशेने सहज फिरतो. त्यामुळे मोटर चढवल्यावरही व्हील बऱ्यापैकी परत येतं. फ्लोअर शिफ्टची असेल तर कॉलमवर जागाही मोकळी मिळते.

तुमच्या गाडीचे चार आकडे पाठवा: जमिनीवर काटा किती दाखवतो, अधांतरी किती, व्हीलचा व्यास आणि टायरवर लिहिलेलं माप. त्यावरून आधी काय उघडायचं ते नेमकं सांगता येईल.